फुप्फुसाची तपासणी कोणासाठी?

मागच्या बैठकीत एकीनं विचारलं, दरवर्षी छातीचा फोटो काढला तर फुप्फुसाचा कॅन्सर लवकर कळेल ना? प्रश्न जुनाच आहे. १९७० च्या दशकात अमेरिकेत सिगारेट ओढणाऱ्या हजारो पुरुषांचे एक्स-रे पुन्हा पुन्हा काढून पाहिले. गाठी जास्त सापडल्या, पण मरणं काही कमी झाली नाहीत.

मग आलं सीटी स्कॅन. २००२ पासून तिथंच ५३,४५४ जणांना दोन गटांत वाटलं. एका गटाचा कमी किरणांचा सीटी, दुसऱ्याचा एक्स-रे, असं वर्षाला एकदा, तीनदा. २०११ मध्ये निकाल आला. सीटीच्या गटात या कॅन्सरचे मृत्यू २० टक्क्यांनी कमी होते. पण यात घेतलं कोणाला? वय ५५ ते ७४ आणि रोज एक पाकीट याप्रमाणे ३० वर्षं सिगारेट ओढलेल्यांना. पुढे तपासणीचा नियमही या मापावरच बेतला. कमी सिगारेटी ओढूनही आजारी पडणाऱ्या बायका आणि कृष्णवर्णीय माणसं त्यातून सुटत होती, म्हणून २०२१ मध्ये अट ५० वर्षं वय आणि २० वर्षांच्या पाकिटांवर आणली.

इंग्लंडमधल्या मँचेस्टरनं तर दवाखानाच बाजारात नेला. २०१६ साली गरीब वस्त्यांत, दुकानांच्या आवारात सीटीची गाडी उभी केली. पहिल्या फेरीत सापडलेल्या कॅन्सरपैकी ८० टक्के सुरुवातीच्या टप्प्यातले होते. तैवाननं २०२२ मध्ये सिगारेटची अटच थोडी बाजूला सारली. घरात कोणाला हा आजार झाला असेल, तर ४५ वर्षांपुढच्या बाईची तपासणी तेव्हा सरकार करू लागलं.

आपल्याकडे तिशीनंतरच्या सरकारी तपासणीत तोंड, स्तन आणि गर्भाशयाचं तोंड येतं, फुप्फुस नाही. सरसकट सीटी करणंही सोपं नाही. जुन्या टीबीचे व्रण गाठीसारखे दिसतात आणि विनाकारण सुया टोचल्या जातात. पण चुलीच्या धुराचं माप कोणत्या पाकिटात मोजायचं?

आमच्या गटातल्या एका ताईंचा खोकला आठ महिने टीबी म्हणून चालला. थुंकीत जंतू नव्हते, गोळ्यांनी उतार नव्हता. टीबीची तपासणी आधी हवीच, पण ताईंनी कधी विडीला हात लावला नव्हता, त्यामुळे कॅन्सर कोणाच्या मनातच आला नाही. आम्ही तिघी जाऊन बसलो तेव्हा सीटीची चिठ्ठी मिळाली. गाठ ऑपरेशनच्या पलीकडे गेली होती.

तेव्हापासून हप्ते गोळा करताना आम्ही विचारतो, खोकला तीन आठवड्यांवर गेलाय का, रक्त पडतं का, औषध घेऊनही वजन उतरतंय का.