वस्तादाने राखून न ठेवलेला डाव

वस्ताद आणि त्याच्या पठ्ठ्याची ती जुनी गोष्ट तुम्ही ऐकलीच असेल. पठ्ठ्या सगळे डाव शिकतो, माजतो, वस्तादालाच आव्हान देतो. आणि वस्ताद राखून ठेवलेल्या एका डावावर त्याला चीत करतो. गोष्ट ऐकायला झकास आहे, पण मला एक शंका येते. प्रत्येक वस्तादानं एकेक डाव राखून ठेवला, तर पाच पिढ्यांनंतर तालमीत उरणार काय?

जपानमध्ये एकोणिसाव्या शतकात जवळजवळ हेच होत होतं. 1868 मध्ये सामुराईंची राजवट संपली आणि 1876 मध्ये तलवार बाळगायला बंदी आली. जुजुत्सू म्हणजे हातघाईची कुस्ती, सामुराईंची जुनी विद्या. ती आता कुणाला नको होती. शाळा ओस पडल्या. पोट भरण्यासाठी अनेक गुरू हाडं बसवायचं काम करू लागले. विद्या होती, पण ती गुंडाळ्यांमध्ये लिहिलेली आणि ज्याच्या त्याच्या घराण्यापुरती.

अशा वेळी तोक्योतला एक कॉलेजकुमार गुरू शोधत फिरत होता. जिगोरो कानो, जन्म 1860. अंगानं किरकोळ, अभ्यासात हुशार, त्यामुळे वसतिगृहात दांडगट पोरांचा मार ठरलेला. गुरू शोधायची त्याची युक्ती मला फार आवडते. त्यानं सरळ हाडवैद्यांच्या पाट्या बघायला सुरुवात केली! अशाच एका हाडवैद्यानं त्याला 1877 मध्ये फुकुदा हाचिनोसुके यांच्याकडे पाठवलं.

फुकुदांची शिकवण्याची रीत रोखठोक. एक दिवस त्यांनी कानोला उचलून आपटलं. कानोनं विचारलं, हा डाव नेमका कसा केलात? हात कुठे, पाय कुठे? फुकुदांनी त्याला पुन्हा आपटलं. त्यानं परत विचारलं, यांनी परत आपटलं. मग सांगितलं, की विचारून हे कळत नसतं, हजारो वेळा केलंस की आपोआप येईल. कानो अंगभर मलमपट्ट्या लावून फिरायचा, पण सरावाला दांडी नाही. तेव्हाचं त्याचं फाटकं जाकीट आजही जपून ठेवलंय.

1879 मध्ये फुकुदा वारले. त्यांच्या घरच्यांनी गुंडाळ्या कानोच्या हाती दिल्या. कानो दुसऱ्या गुरूंकडे गेला, इसो मासातोमो. साठी ओलांडलेले इसो स्वतः झुंज घेत नसत, पण ‘काता’ म्हणजे ठरलेल्या क्रमानं करायच्या डावांत त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. त्यांच्याकडे कानो शिकता शिकता शिकवायलाही लागला. 1881 मध्ये इसोही गेले.

तिसरे गुरू ईकुबो त्सुनेतोशी. घराणंच वेगळं, कितो-र्यू. आधीच्या दोघांकडे पकड, गळा आवळणं यांवर भर, तर इथे फेकण्यावर. पन्नाशी उलटली तरी ईकुबो पोरांशी स्वतः झुंजायचे आणि त्यांना सहज फेकायचे.

1882 मध्ये कानोनं एइशोजी या बौद्ध मंदिरात 12 चटयांच्या जागेत स्वतःची शाळा काढली, कोदोकान. ईकुबो तिथेही येऊन शिकवायचे. आणि एक दिवस उलटंच झालं. कानोनं गुरूंना फेकलं. एकदा नाही, लागोपाठ! आणि ईकुबोंचा एकही डाव त्याला लागेना.

आता आपल्या गोष्टीतला वस्ताद इथे राखून ठेवलेला डाव काढणार, बरोबर? ईकुबोंनी विचारलं, हे तू कसं करतोस?

कानोनं समजावून सांगितलं. भरलेला रांजण आपण उचलू शकत नाही, पण काठावर कलता केला की पोरगंसुद्धा फिरवू शकतं. माणसाचंही तसंच. ढकललं की तो उलट जोर लावतो. त्या क्षणी ओढलं की तोल जातो. आधी तोल मोडायचा, मग फेकायचं. याला ज्युदोत ‘कुझुशी’ म्हणतात. ऐकून ईकुबो म्हणाले, आता तुला शिकवण्यासारखं माझ्याकडे काही नाही. आपल्या घराण्याच्या गुंडाळ्याही त्यांनी कानोच्या स्वाधीन केल्या.

माझ्या मते ज्युदोचा जन्म चटईवर झाला तितकाच या संवादात झाला. कानो पुढे शिक्षक म्हणून कसे घडले ते बघा. त्यांच्या पद्धतीत चार अंगं होती. काता, इसोंकडून आलेला. रांदोरी, म्हणजे मोकळी झुंज, जी फुकुदा आणि ईकुबो दोघांनी अंगात भिनवली. तिसरं कोगी, म्हणजे व्याख्यान. आणि चौथं मोंदो, म्हणजे प्रश्नोत्तरं! ज्याच्या प्रश्नाला उत्तर म्हणून आपटणं मिळालं, त्यानं प्रश्न विचारणं अभ्यासक्रमातच घातलं. पण गंमत म्हणजे, फुकुदांचं आपटणंही त्यानं सोडलं नाही. हजारो वेळा केल्याशिवाय येत नाही, हे फुकुदांचं म्हणणं खरंच होतं. फक्त ते अर्धं होतं.

1883 मध्ये कानोंनी आपल्या दोन शिष्यांना पहिला ‘दान’ दिला. काळ्या पट्ट्याची पद्धत इथूनच आली आणि पुढे कराटेनं ती उचलली. म्हणजे तुमच्या गल्लीतल्या क्लासमधल्या पट्ट्याचं मूळही इथेच. गुप्त गुंडाळीऐवजी सगळ्यांना दिसणारी पायरी आली. कानो पुढे तोक्योच्या शिक्षक घडवणाऱ्या महाविद्यालयाचे प्राचार्य झाले, 1909 मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीवर आशियातले पहिले सदस्य झाले. 1938 मध्ये ते वारले. 1964 मध्ये तोक्योतच ज्युदो ऑलिंपिकमध्ये आला.

अनेकदा लोक म्हणतात, कानोंनी जुनं मोडून नवं उभं केलं. मला ते पटत नाही. त्यांनी तिन्ही गुरूंचं ऋण आयुष्यभर मानलं, आणि तरी एकाचीही नक्कल केली नाही. हे जमलं, कारण ईकुबोंसारखा गुरू शिष्यापुढे हरून ‘कसं केलंस?’ विचारू शकला. तो डाव त्यांनी राखला असता, तर कदाचित आणखी एक घराणं गुंडाळीतच संपलं असतं.

तुम्ही तालमीत, कराटेला, तबल्याला किंवा कोडिंगच्या क्लासला जात असाल, तर सांगा: तुमच्या सरांना ‘हे असंच का?’ असं विचारता येतं का? आणि उत्तर काय मिळतं? कळवा नक्की. भेटू पुढच्या भागात.