घर रिकामे करणारी साथ आणि घरात कोंडणारी साथ

२५ मार्च २०२० रोजी देशव्यापी टाळेबंदी सुरू झाली आणि आमच्या मारतहळ्ळीचा सदैव गजबजलेला आउटर रिंग रोड निःशब्द झाला. फायली संगणकावरून घरीच येऊ लागल्या. कामातून मान वर केली की गॅलरीसमोरचे झाड दिसे. ते करंजाचे आहे आणि कानडीत त्यास 'होंगे' म्हणतात, हे इतक्या वर्षांनी मला तेव्हा कळले. खाली फुलांचा सडा आणि वर घिरट्या घालणाऱ्या घारी, असा तो चैत्र होता.

टाळेबंदीचा केंद्रीय आदेश आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ अन्वये निघाला होता; राज्यांनी त्याच्या जोडीला १८९७ चा साथरोग कायदा वापरला. जेमतेम चार कलमांचा हा कायदा मराठी माणसास अपरिचित नाही. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात प्लेग आढळला आणि फेब्रुवारी १८९७ मध्ये हा कायदा झाला. पुण्यात रँडच्या अधिपत्याखाली गोरे सोजीर घरोघर, देवघरापर्यंत शिरले. रुग्णास इस्पितळात आणि घरच्यांस विलगीकरण छावणीत नेण्यात आले. २२ जून १८९७ रोजी चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या. त्याच वर्षी १० मार्चला प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करता करता सावित्रीबाई फुले यांचा अंत झाला होता.

ऑगस्ट १८९८ मध्ये हीच साथ बंगळूरात पोहोचली. जुन्या पेठांतील दाटी जीवघेणी ठरली आणि मल्लेश्वरम व बसवनगुडी या मोकळ्या वसाहतींना गती मिळाली. आज आपण त्यांच्या रुंद, सावलीच्या रस्त्यांचे कौतुक करतो. त्यांच्या मुळाशी प्लेगची भीतीही आहे.

प्लेगमध्ये घर हेच संकटाचे ठिकाण मानले गेले. महाराष्ट्रातही गावेच्या गावे माळावरच्या झोपड्यांत राहावयास गेली. २०२० मध्ये आदेश नेमका उलट होता : घरातच राहा. दोन्ही वेळा शासनाने एक गोष्ट गृहीत धरली. तेव्हा घर सोडणे सोपे आहे असे, आता प्रत्येकास राहण्याजोगे घर आहे असे.

माझ्या कार्यालयासाठी 'घरी थांबा, अंतर राखा' हे परिपत्रक मीच सहीनिशी काढले. दोन दिवसांनी एका कंत्राटी सफाई कामगाराने दूरध्वनीवरून विचारले, "सर, एका खोलीत आम्ही सहा जण. अंतर कसे राखायचे?" माझ्यापाशी उत्तर नव्हते. समोरच्या अर्धवट बांधकामावरचे मजूरही पत्र्याच्या शेडमध्येच 'घरी' होते. १ मेपासून श्रमिक रेल्वेगाड्या सुटू लागल्या. ५ मे रोजी कर्नाटक शासनाने पुढील गाड्यांची मागणी मागे घेतली आणि चौफेर टीका झाल्यावर तो निर्णय फिरवला. तोवर आमच्या समोरची शेड रिकामी होऊ लागली होती. कडेवर मूल, डोक्यावर बोचके घेऊन माणसे त्याच करंजाखालून चालत गेली.

अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला हिशोब सरळ दिसतो. एकाने घरी थांबण्याचा लाभ सर्वांना मिळतो, मजुरी मात्र त्याचीच बुडते. ती भरून देण्याची तजवीज आदेशाबरोबरच व्हावयास हवी, मागाहून नव्हे. चार कलमांचा कायदा अधिकार देतो. घराची खोली मोजत नाही. ते मोजणे प्रशासकाचे काम आहे. पुढच्या परिपत्रकावर सही करण्यापूर्वी मी तो दूरध्वनी आठवीन.