आवाजाचा पल्ला, मालाचा पल्ला

२००१ साली धुळ्यातल्या एका व्यापाऱ्यासमोर मी एक कॅसेट ठेवली. माझ्या आजोळच्या बायकांनी म्हटलेल्या जात्यावरच्या अहिराणी ओव्या तीत होत्या. त्या दर आठवड्याला अर्धा तास इंटरनेटवरून ऐकवायच्या, सुरत-नाशिक-पुण्याला पांगलेल्या खान्देशी माणसांपर्यंत पोचवायच्या, असा आम्हा तिघा मित्रांचा बेत. खर्चासाठी प्रायोजक हवा होता. व्यापाऱ्याने कॅसेट उलटसुलट करून पाहिली आणि विचारले, "पन आयकस कोन?"

जळगावात चार दुकानांतून हाच प्रश्न ऐकून आम्ही परतलो. तेव्हा तो मला कद्रूपणाचा वाटला. पुढे नभोवाणीचा इतिहास वाचू लागलो, तेव्हा कळले की प्रायोजकत्वाचा सगळा व्यवहार याच प्रश्नाभोवती फिरतो.

१९५२ साली आकाशवाणीवरून चित्रपटगीते आटली आणि श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात अमीन सायानींची 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. ध्वनिमुद्रण मुंबईत, प्रक्षेपण कोलंबोहून. खर्च करणाऱ्या सिबा कंपनीला 'ऐकतो कोण' हे सांगायला श्रोत्यांच्या पत्रांच्या थप्प्या होत्या. शिवाय लघुलहरींवरून आवाज जिथे पोचे, तिथल्या बाजारात बिनाका टूथपेस्टही मिळे. विविध भारतीवर जाहिराती आल्या त्या १९६७ साली, पंधरा वर्षांनंतर.

इंटरनेटवरचा पहिला प्रायोजित कार्यक्रम अमेरिकेतला. १९९३ साली कार्ल मालामूद यांनी 'इंटरनेट टॉक रेडिओ' सुरू केला. 'गीक ऑफ द वीक' या कार्यक्रमात ते संगणक-जाळ्याच्या जाणकारांशी बोलत. सेकंदाला आठ हजार बाइट या हिशेबाने अर्ध्या तासाची फाइल सुमारे १ कोटी ४४ लाख बाइटची होई. सेकंदाला १४,४०० बिट आणणाऱ्या मोडेमवर ती उतरवायला सव्वादोन तास लागत. एवढा सोस कोण करणार? संगणकात बुडालेलेच. आणि प्रायोजक कोण? संगणक विकणारी सन मायक्रोसिस्टिम्स आणि तांत्रिक पुस्तके छापणारे ओ'रायली. श्रोते मोजके होते, पण नेमके त्यांचेच गिऱ्हाईक होते.

आमचे इथेच चुकले होते. आमचा श्रोता सुरतेच्या कापड गिरणीत, पुण्याच्या कारखान्यात. व्यापाऱ्याचे गिऱ्हाईक मात्र धुळे तालुक्यात. इंटरनेटने आवाजाचा पल्ला वाढवला, दुकानाचा वाढवला नाही. सुरतेतल्या माणसाने ओवी ऐकून डोळे पुसले असते, पण किराणा घ्यायला तो धुळ्याला आला नसता. व्यापाऱ्याचा हिशेब चोख होता.

तरीही एक रुखरुख राहते. ज्या आवाजाला गिऱ्हाईक नाही, त्याचा खर्च कोणी करायचा? सरकारच्या २००६च्या सामुदायिक रेडिओ धोरणाने स्थानिक जाहिरातींना तासाला पाच मिनिटे दिली. प्रायोजित कार्यक्रमांना मात्र, लोकहिताची माहिती वगळता, मनाई केली. त्या रेडिओचा पल्लाही काही किलोमीटरचाच. तिथे दुकान आणि श्रोता एका गावात येतात. पांगलेला माणूस पुन्हा बाहेरच राहतो.

आमचा कार्यक्रम झालाच नाही. त्या ओव्या म्हणणाऱ्यांपैकी आज कोणीही हयात नाही. कॅसेट मात्र माझ्याकडे आहे. सुरतेचा मावसभाऊ येतो तेव्हा आम्ही ती लावतो. "आयकस कोन?" याचे माझ्यापुरते उत्तर तेवढेच आहे.