परदेशातून आल्यावर ताप आला : जिनोम सिक्वेन्सिंगचा काय उपयोग?

कोविडच्या काळात ‘नमुने जिनोम सिक्वेन्सिंगसाठी पाठवले’ ही बातमी आपण सतत वाचत होतो. तेव्हापासून काही रुग्ण विचारतात, “डॉक्टर, बाहेरदेशी जाऊन आलो आणि ताप आला, तर माझेही सिक्वेन्सिंग करायचे का?” बहुतेक वेळा उत्तर ‘नाही’ असेच असते. तुमच्या उपचारात त्याने फरक पडत नाही. उपयोग होतो तो इतरांना.

पीसीआर चाचणी विषाणू आहे की नाही एवढे सांगते. सिक्वेन्सिंगमध्ये त्याची जनुकीय साखळी अक्षर-अक्षर वाचली जाते. झिका विषाणूत अशी सुमारे 10,800 अक्षरे असतात. विषाणू वाढताना स्वतःच्या नकला काढतो, त्यात थोड्या चुका होतात आणि काही चुका पुढच्या पिढ्यांत टिकतात. दोन रुग्णांच्या विषाणूंत सारख्याच चुका असल्या, तर त्यांचे नाते जवळचे. या चुका साधारण ठरावीक गतीने साठतात, त्यामुळे विषाणू एखाद्या प्रदेशात कधी शिरला याचाही अंदाज येतो.

क्युबात काय घडले?

झिकाची साथ ब्राझीलमधून अमेरिका खंडात पसरली. नोव्हेंबर 2016 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. 2017 मध्ये रुग्ण कमी झाले होते, तरी अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात क्युबाहून परतलेल्या प्रवाशांत झिका सापडत राहिला. क्युबाकडून मात्र त्या वर्षी रुग्णांची नोंद आली नव्हती.

संशोधकांनी अशा नऊ प्रवाशांमधील विषाणूंचे जिनोम वाचले आणि प्रवाशांच्या संख्येशी माहिती जुळवली. विषाणू 2016 मध्येच, तोही एकाहून अधिक वेळा क्युबात शिरला होता, पण साथ भडकली 2017 मध्ये. 2016 मधील डासविरोधी मोहिमेमुळे ती वर्षभर लांबली असावी. नोंद न झालेले रुग्ण सुमारे 5,700 असावेत, असा अंदाज 2019 मध्ये ‘सेल’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

त्या वर्षी क्युबाला निघालेल्या गर्भवतीचा विचार करा. झिकामुळे बाळाच्या मेंदूची वाढ खुंटू शकते, आणि तिच्यासमोर साथ असल्याची नोंदच नव्हती.

मर्यादाही आहेत. दोन जिनोम जुळले म्हणजे ‘याच्यामुळे त्याला झाला’ हे सिद्ध होत नाही, त्यामुळे घरात कोणाला दोष देण्यासाठी हा अहवाल कामाचा नाही. रक्तात विषाणू कमी असेल तर साखळी पूर्ण वाचताही येत नाही. आणि रुग्णाने प्रवासाची माहितीच दिली नसेल, तर जिनोम कुठल्या ठिकाणाशी जोडायचा?

तुम्ही काय करावे?

प्रवासाहून आल्यावर दोन आठवड्यांत ताप, अंगावर पुरळ, सांधेदुखी किंवा डोळे लाल होणे असे काही झाले, तर कुठे, कोणत्या तारखांना गेला होतात हे डॉक्टरांना न विचारताही सांगा. देशातला प्रवासही सांगा. महाराष्ट्रातला पहिला झिका रुग्ण जुलै 2021 मध्ये पुणे जिल्ह्यातील बेलसर गावात आढळला होता. विषाणू रक्तात साधारण आठवडाभरच सापडतो, म्हणून चाचणीला उशीर नको.

डेंग्यू नाही हे कळेपर्यंत आयबुप्रोफेन किंवा अ‍ॅस्पिरिन स्वतःहून घेऊ नका. तापासाठी डॉक्टर सांगतील त्या मात्रेत पॅरासिटामॉल चालते. पहिला आठवडा दिवसाही मच्छरदाणी वापरा. एडिस डास दिवसा चावतो, आणि तुम्हाला चावलेला डास पुढे घरच्यांना चावू शकतो.

झिका बहुतेकांना लक्षणांशिवाय होतो आणि लैंगिक संबंधांतूनही पसरतो. म्हणून झिका असलेल्या भागातून आल्यावर पुरुषांनी तीन महिने आणि स्त्रियांनी दोन महिने निरोध वापरावा, गर्भधारणेचा बेत तोवर पुढे ढकलावा. पत्नी गर्भवती असेल, तर पतीने संपूर्ण गरोदरपणात ही काळजी घ्यावी.