दिव्यांच्या अवसेचा सूर्य

२००९ सालच्या आषाढी अमावास्येला, म्हणजे २२ जुलैला, आमच्या नवापुरावरून खग्रास सूर्यग्रहण गेले आणि मी ते पाहिले नाही. पाहिले नाही म्हणजे झोपून राहिलो असे नव्हे. पहाटे चारपासून गच्चीवर तिपाई रोवून, कॅमेऱ्यावर प्लास्टिक पांघरून उभा होतो. आमच्या रेल्वे स्टेशनातून महाराष्ट्र-गुजरातची हद्द जाते, निम्मे स्टेशन इकडे नि निम्मे तिकडे. पण सुरतेकडून आलेल्या चंद्राच्या सावलीला हद्दीची काय पर्वा? उगवून पुरता अर्धा तासही होण्याआधी सूर्य झाकला जायचा होता, सुमारे तीन मिनिटांसाठी.

आड आले ते आषाढाचे ढग. सव्वासहानंतर उजाडलेला दिवस पुन्हा मावळला, कावळे गप्प झाले आणि थोड्या वेळाने दुसऱ्यांदा उजाडले. छायाचित्र एकच निघाले, ओल्या गच्चीचे. खाली उतरलो तर सौभाग्यवती दिव्यांच्या अवसेसाठी समया घाशीत बसल्या होत्या. त्यांनी मान वर न करताच विचारले, “वरचा दिवा दिसला का हो?”

भारतातले पुढचे खग्रास २०३४ साली, तेही काश्मीर-लडाखकडून जाणारे. त्या हळहळीतून मी जुन्या ग्रहणांच्या हकिकती वाचू लागलो आणि एका निराळ्याच गोष्टीत गुंतलो.

२२ जानेवारी १८९८, पौष अमावास्या. त्या दिवशी सावली विजयदुर्गापाशी किनारा ओलांडून सोलापूरकडून वऱ्हाडात आणि पुढे बक्सरकडे गेली. थंडीचे दिवस, आकाश निरभ्र, आणि काळोख सुमारे दोन मिनिटांचा. विजयदुर्गावर लॉकियरसाहेब आपला लवाजमा घेऊन उतरले होते. हेलियमचा शोध १८६८ साली याच किल्ल्यावर लागला असे पुष्कळजण अभिमानाने सांगतात. तसे झालेले नाही. १८६८ साली लॉकियर विलायतेतच होते, युद्धखात्यात कारकून. त्यांनी ऑक्टोबरात घरच्या दुर्बिणीतून, ग्रहण नसतानाच, सूर्याच्या कडेवरल्या ज्वालांचा वर्णपट पाहिला. मला विचाराल तर ही खरी हकिकत दंतकथेहून मोठी आहे!

सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला दोन तळ पडले होते. एक अमेरिकेच्या लिक वेधशाळेचा, कँपबेल यांचा. त्यांच्यापाशी चाळीस फूट लांबीचा कॅमेरा होता. दुसरा पुण्याच्या प्रा. कावसजी दादाभाई नायगमवाला यांचा. भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून त्यांनी पुण्याच्या सायन्स कॉलेजात महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा उभारली होती. तिची वीस इंची आरशाची दुर्बीण त्या काळी हिंदुस्थानात सर्वांत मोठी. पुणे प्लेगने गांजलेले असताना या गृहस्थांनी यंत्रे आगगाडीत चढवली आणि जेऊरच्या माळावर सूर्याचे वर्णपट टिपले.

पण माझा जीव जडला तो वऱ्हाडातल्या तळणीवर. तेथे ब्रिटिश हौशी ज्योतिर्विदांच्या संस्थेची मंडळी उतरली होती. त्यांत ॲनी मॉन्डर या बाई होत्या. ग्रीनिचच्या वेधशाळेत त्या सूर्याच्या छायाचित्रांचे काम करीत, पण १८९५ साली लग्न झाले आणि तिथल्या नियमाप्रमाणे नोकरी सुटली. त्यांच्यापाशी होता तो जेमतेम दीड इंच भिंगाचा कॅमेरा, जुन्या कॉलेजच्या अनुदानातून करवून घेतलेला. त्या चिमुकल्या भिंगाने प्रभामंडळाचा जो एक किरण पकडला तो सूर्यापासून सुमारे साठ लाख मैल दूर गेलेला होता. इतका लांब किरण तोवर कोणाच्याच छायाचित्रात आला नव्हता. रहस्य साधे आहे. मोठा कॅमेरा सूर्याच्या कडेचा बारकावा दाखवतो. लहान भिंगात आकाशाचा पट मोठा मावतो आणि फिकट उजेड थोड्या जागेत एकवटतो.

त्याच तळावर जॉन एव्हरशेड होते. खाजगी कंपनीत नोकरी करून त्यांनी केनली गावी स्वतःची सूर्यवेधशाळा थाटली होती. तळणीला त्यांनी सूर्याच्या कडेचा वर्णपट डोळ्यांना न दिसणाऱ्या अतिनील भागापर्यंत टिपला. पुढे १९०७ साली हे हौशी गृहस्थ सरकारी नोकरीत कोडाईकनालला आले आणि १९०९ मध्ये सौर डागांतून वायू बाहेरच्या दिशेने वाहतात हे त्यांनी दाखवले. १९१२ साली नायगमवाला निवृत्त झाले, पुण्याची वेधशाळा बंद पडली आणि तिची यंत्रे कोडाईकनालला गेली. तेथे संचालक कोण? तळणीचे एव्हरशेड! १९२३ साली निवृत्त झाल्यावर त्यांनी विलायतेत परत घरचीच वेधशाळा बांधली. नायगमवालांच्या नशिबी तसे नव्हते. एका माणसाच्या जिवावर चालणाऱ्या वेधशाळेचे तेच होते, हे वाचताना मला आपल्या गच्चीकडे पाहावेसे वाटले नाही.

कारण एव्हाना, म्हणजे २०११ साली, मीही तिथे पत्र्याची खोली उभी केली होती. घुमट नाही, छप्पर चाकांवर सरकते. ताऱ्यांना काळोख लागतो, सूर्याला भरबाजारातली गच्चीही चालते. मात्र काम सकाळी उरकावे. सिमेंट तापले की हवा उकळू लागते आणि बिंब पाण्यातल्या रुपयासारखे हलते. गाळणी नेहमी दुर्बिणीच्या तोंडावर बसवायची, डोळ्याकडच्या बाजूला कधीही नाही. तिथे ती तडकली तर डोळा गेलाच म्हणून समजा. मग शेकडो चित्रे घ्यायची आणि हवा क्षणभर थांबली असताना आलेली तेवढी निवडून एकावर एक जुळवायची. २०२४ च्या मे महिन्यात पृथ्वीच्या पंधरापट रुंदीचा डागांचा थवा मला असाच मिळाला. त्याच्याच उद्रेकांनी लडाखात हानले येथे रात्रीचे आकाश तांबडे झाले होते.

रोजच्या डागांची नोंद वहीत असते. पावसाळ्याचे चार महिने पाने कोरी. मुलगा सुरतेला असतो, त्याला यातले काही नको. नात मात्र दिवाळीच्या सुट्टीत आली की म्हणते, “छप्पर मी ओढीन आजोबा, आकडेही मी मांडीन, पण डाग तुम्ही मोजायचे.” गेल्या वर्षी तिने मोजलेले माझ्याहून दोन जास्त भरले. पुन्हा पाहिले, तर तिचेच बरोबर होते. यंदा वसुबारसेला चाकांना तेल घालून ठेवायचे आहे. ती धनत्रयोदशीच्या सकाळच्या गाडीने येते.