मेळघाटातील कोंबड्या आणि राखण

अमरावती जिल्ह्यातील धारणी व चिखलदरा या मेळघाटच्या तालुक्यांत कोरकू कुटुंबे परसात गावठी कोंबड्या पाळतात. वीज नसलेल्या वस्तीवर पिलांना पहिल्या आठवड्यात लागणारी सुमारे ३५ अंश सेल्सिअसची ऊब खुडूक कोंबडीच पुरविते. मानमोडी अर्थात राणीखेत रोगाची लस मात्र २ ते ८ अंशांत राखावी लागते. ती बर्फाच्या डब्यातून आणून तत्काळ न दिल्यास वाढते खुराडे एका साथीत रिकामे होते. मुंगूस, रानमांजराची चाहूल कुत्रा देतो. त्यासाठी त्याला लहानपणापासून कोंबड्यांची सवय हवी. मेलेली कोंबडी त्याच्यापुढे न टाकता पुरावी. रात्री खुराड्याप्रमाणे कुत्राही आडोशात बंद असावा. बिबट्या त्यालाही उचलतो.