तळटीप : पोलिश नावे वाचताना

१. कोल्हापूरजवळच्या वळिवडे छावणीत १९४३ ते १९४८ या काळात सुमारे ५,००० पोलिश निर्वासित राहिले. त्यांत बहुतेक स्त्रिया आणि मुले. म्हणून या प्रकरणात लांबलचक पोलिश नावे वारंवार येतात. घरदार गमावलेल्या या माणसांची नावे तरी आपण नीट घ्यावीत. नावात जितके स्वर उच्चारले जातात तितके तुकडे पाडावेत आणि जोर शेवटून दुसऱ्या तुकड्यावर द्यावा. भारतात उमादेवी म्हणून ओळखल्या गेलेल्या वांदा डिनोव्स्का यांचे आडनाव डि-नोव्-स्का असे, ‘नोव्’वर जोर देऊन म्हणावे. खरी अडचण ‘मित्स्क्येविच’सारख्या नावात येते. रोमन लिपीत त्यात चार स्वरचिन्हे दिसतात, पण मधला ‘इ’ फक्त आधीच्या ‘क’ला मृदू करतो, तुकडे तीनच : मित्स्-क्ये-विच. लिपीपेक्षा कानावर विसंबावे. आमच्या मोर्शीचेच पाहा : रफार ‘शी’च्या डोक्यावर, उच्चारात मात्र तो ‘मोर्’चा. संगणक ओळीच्या शेवटी ‘डिनो-व्स्का’ असे कुठेही तोडतो, त्यामुळे या आवृत्तीत अशी नावे न तोडता अख्खीच पुढच्या ओळीवर नेली आहेत. — संपादक